काचेचा दरवाजा दर पावसाळ्यानंतर घासतो किंवा आपटतो: दोष कुठे शोधायचा, दुरुस्ती कशी करायची

कोल्हापुरात राजारामपुरी असो, शाहूपुरी असो की महाद्वार रोड, दुकानाच्या काचेच्या दरवाजाची तक्रार ठरलेली असते. मे महिन्यापर्यंत दार नीट चालतं. गणपतीच्या सुमारास हँडलकडचा खालचा कोपरा फरशीला लागायला लागतो. दसऱ्यापर्यंत ते एकतर अर्धवट उघडं राहतं, नाहीतर धाडकन आपटतं. मिस्त्री येऊन स्क्रू आवळून जातो, दोन महिने बरे जातात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. काही जण वैतागून काचच बदलतात, पण नवी काचही त्याच जागी घासते.

कारण बहुतेक वेळा दोष काचेत नसतो. तो फरशीखालच्या डब्यात, फ्लोअर स्प्रिंगच्या (दार आपोआप मिटवणारं, फरशीत बसवलेलं यंत्र) भोवती साचलेल्या पाण्यात असतो. तो डबा उघडल्याशिवाय वरून कितीही आवळाआवळ केली तरी फरक पडत नाही.

घासायला लागलं की दार वापरणं थांबवा

दुकानाच्या दारांना साधारण १२ मिमीची टफन केलेली काच असते. ही काच भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते. त्यामुळे तिचा बाहेरचा थर कायम दाबाखाली असतो आणि आतला गाभा ताणाखाली. बाहेरचा थर शाबूत आहे तोवर तिला सपाट बाजूवर हाताची थाप लागली तरी काही होत नाही. पण हा थर जाडीच्या साधारण एक पंचमांश, म्हणजे १२ मिमी काचेत अडीच मिमीच्या आसपासच असतो. कडेला किंवा कोपऱ्याला त्याहून खोल टवका गेला की सगळी काच एका क्षणात खडीसारखी खाली येते.

ग्रॅनाइटवर घासणारा कोपरा नेमकं हेच करतो. रोज थोडी थोडी कड झिजते, बारीक टवके उडतात, आणि एखाद्या दुपारी कुणी हात लावलेला नसताना दार फुटतं. लोकांना वाटतं उन्हाने फुटलं. खरं कारण दोन महिने त्या कोपऱ्यात साठत आलेलं असतं. म्हणून घासण्याचा आवाज आला की त्याच दिवशी दार ९० अंशांवर उघडून थांबवा, खाली लाकडी पाचर द्या आणि मगच तपासणीला लागा.

आधी फटी मोजा

दार बंद असताना खालची फट दोन्ही टोकांना, वरची फट दोन्ही टोकांना आणि हँडलकडची उभी फट वर-खाली मोजा. पट्टी आत जात नसेल तर प्लायवुडचे ३, ६ आणि ९ मिमीचे तुकडे घेऊन कुठला शिरतो ते बघा. चांगल्या बसवलेल्या दाराला खाली ८ ते १० मिमी आणि वर व बाजूला ३ ते ४ मिमी, म्हणजे साधारण एक सूत फट असते.

स्प्रिंगकडे खाली ९ मिमी आणि हँडलकडे ३ मिमी भरली, वर मात्र हँडलकडची फट वाढलेली दिसली, तर पल्ला कलला आहे. तो कुठून कलला हे कळायला साधनांची गरज नाही, दोन माणसं पुरतात. एकाने हँडल धरून पल्ला हळूच वर उचलल्यासारखा करायचा, दुसऱ्याने खाली बसून बघायचं. खालचं पॅच फिटिंग (काचेचा कोपरा पकडणारा धातूचा जबडा) जागेवर आणि काच मात्र त्यात हलते, तर पॅच सुटलंय. पॅच आणि काच एकजीव आहेत पण दोन्ही मिळून फरशीतल्या स्पिंडलवर (स्प्रिंगचा फिरणारा दांडा) डुगडुगतात, तर स्प्रिंगचं बेअरिंग झिजलंय किंवा स्प्रिंगची अख्खी बॉडी डब्यात सैल झाली आहे. खाली सगळं घट्ट आणि वरचा कोपरा हलतोय, तर वरच्या पिव्हटचा (दार वरून ज्या पिनवर फिरतं तिचा) बुश गेलाय. ही एक मिनिटाची परीक्षा न करता दिसेल तो स्क्रू आवळणं ही आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी सवय आहे.

पल्ला कललेला नाही पण खालची फट सगळीकडेच कमी झाली असेल, तर स्प्रिंगची बॉडी डब्यात खाली बसली असेल किंवा दुकानाच्या नूतनीकरणात जुन्या फरशीवर नवी फरशी चढवलेली असेल. दार एका विशिष्ट कोनातच घासत असेल, तर तिथे फरशीला चढ आहे. अशा वेळी दार वर घ्यायचं की फरशी घासून घ्यायची हे चढ किती आहे त्यावर ठरतं. २-३ मिमीपर्यंत दार वर घेऊन निभावतं, त्यापुढे फरशीच दुरुस्त करावी लागते.

डबा उघडणे

स्प्रिंगवरची स्टीलची पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. आपल्याकडे उंबऱ्यावर रोज सडा, रांगोळी, हळद-कुंकू असतं. ते स्क्रूच्या खाचेत दगडासारखं घट्ट बसलेलं असतं. आधी टाचणीने खाच मोकळी करा, नाहीतर स्क्रूचं तोंड गोल होतं आणि पुढे ड्रिलने काढायची वेळ येते. काही पट्ट्यांना स्पिंडलजवळ उघडी खाच असते, त्या दार न उतरवता सरकवून काढता येतात. गोल भोक असेल तर दार उतरवावंच लागतं.

आत कोरडी धूळ दिसली तर नशीब चांगलं आहे. पाणी दिसलं तर ते स्पंजने टिपायच्या आधी नीट बघा. नुसतं गढूळ पाणी असेल तर ते बाहेरून आलंय. पृष्ठभागावर इंद्रधनुष्यासारखा तवंग असेल तर स्प्रिंगमधलं तेल गळलंय. शंका असली तर त्या पाण्यात बोट बुडवून पांढऱ्या कागदावर टेकवा आणि कागद वाळू द्या. पाण्याचा डाग वाळून जातो. तेलाचा डाग तसाच राहतो आणि उजेडासमोर धरला की आरपार दिसतो. तेल गळलेली स्प्रिंग दुरुस्त करून देणारे भेटतात, पण सील बदलून, दाबाने तेल भरून ती पूर्वीसारखी चालणं अवघड. ती बदलणंच शहाणपणाचं.

पाणी येतं कुठून? ती स्टीलची पट्टी नुसतं झाकण आहे, पाण्याला अडवत नाही. खालचा डबा म्हणजे बूड असलेली वाटी, पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. पावसाची झड, ओल्या छत्र्या, सकाळी उंबऱ्यावर ओतलेली बादली, सगळं तिथे उतरतं. उंबऱ्याचा ढाळ दुकानाच्या आत असेल तर विचारायलाच नको. मग डब्याच्या आतले उंची आणि जागा जुळवणारे स्क्रू गंजतात, बॉडी एका अंगाला झुकते, स्पिंडलचं सील खराब होऊन बेअरिंगमध्ये ओल शिरते. ५ मिमी उतरलेल्या कोपऱ्याच्या मागे एवढं सगळं असतं.

दार उतरवणे

३.५ फूट बाय ७ फूट दार म्हणजे सुमारे २.२८ चौरस मीटर. काचेचं वजन दर मिमी जाडीला चौरस मीटरमागे २.५ किलो, म्हणजे १२ मिमीला ३० किलो. हा पल्ला ६८ किलोंचा झाला, वर फिटिंग आणि हँडल. हे एकट्याचं काम नाही. दोन माणसं, काच उचलायचे दोन व्हॅक्यूम कप, हातमोजे, चष्मा, पायात बूट आणि खाली जाड पुठ्ठा किंवा रबरी मॅट एवढं आधी जमवा.

दार बंद स्थितीत आणा. ९० अंशांवर स्प्रिंग ताणलेली असते, त्या स्थितीत दार उचललं तर स्पिंडल झटका देऊन फिरू शकतो. व्हॅक्यूम कप लावण्याआधी काच स्पिरिटने पुसा, धुळीवर कप धरत नाही. वरच्या पॅचमधला पिव्हट पिन त्याच्या स्क्रूने आत ओढून घ्या, पल्ला वरून किंचित आपल्याकडे झुकवा आणि सरळ वर उचलून स्पिंडलवरून काढा. ठेवताना उभाच, दोन लाकडी पट्ट्यांवर, भिंतीला जरा तिरपा टेकवून. कोपऱ्यावर कधीच टेकवायचा नाही, आणि नुसत्या फरशीवर तर नाहीच.

स्प्रिंग बसवणे आणि पाणी रोखणे

बॉडी बाहेर काढा, डबा पूर्ण कोरडा करा, गंज तारेच्या ब्रशने घासा. डबा लोखंडी असेल तर आतून रेड ऑक्साइडचे दोन हात द्या. जुळवणीचे स्क्रू सोडवून त्यांना ग्रीस लावा. फिरतच नसतील तर बदला, कारण हेच स्क्रू पुढे उपयोगी पडणार आहेत.

बॉडी परत ठेवल्यावर वरच्या पिव्हटच्या मध्यातून ओळंबा सोडा. ओळंब्याचं टोक स्पिंडलच्या बरोबर मध्यावर आलं पाहिजे. दोन मिमीचाही फरक असला तर दार फिरताना अडखळतं आणि बेअरिंग एका बाजूने झिजतं. त्यानंतर बॉडीवर पाणसळ ठेवून आडवी-उभी दोन्हीकडे समतल करा. घाईच्या कामात ओळंबा गाळला जातो आणि नवी स्प्रिंगही वर्षभरात तशीच कुरकुरायला लागते.

आता पाण्याचं. डबा आणि बॉडी यांच्यामधल्या मोकळ्या जागेत भरायचं सीलिंग कंपाउंड काही कंपन्या देतात. मिळालं तर ते भरा, पाण्याला जागाच उरत नाही आणि पुढे काढताही येतं. ते नसेल तर डबा आणि ग्रॅनाइट यांच्या सांध्यात न्यूट्रल सिलिकॉनची सलग रेघ भरा. पट्टीखाली पातळ फोमची गॅस्केट द्या आणि स्क्रूंना ग्रीस लावून बसवा. सिलिकॉनला २४ तास पाणी लागू देऊ नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे वापरू नका, त्यातून सुटणारं आम्ल धातूला खातं.

डब्यात सिमेंट किंवा पीओपी कधीही ओतू नका. बॉडी हलू नये म्हणून अनेक ठिकाणी हे केलेलं दिसतं. पण मग पुढे एक मिमीही जुळवता येत नाही, आणि स्प्रिंग बदलायची वेळ आली की भोवतीचा ग्रॅनाइट फोडावा लागतो.

उंबऱ्याचा ढाळ बाहेरच्या बाजूला करून घेता आला तर अर्धं दुखणं तिथेच संपतं. ते जमणार नसेल तर बादली ओतण्याऐवजी ओल्या फडक्याने उंबरा पुसा. सडा घालायचाच असेल तर पायरीवर, पट्टीपासून हातभर लांब. फरशीचे डाग काढायला वापरतात ते अ‍ॅसिड दाराजवळ अजिबात आणू नका. त्याची वाफसुद्धा स्टीलवर टोचे पाडते. नवी पट्टी आणि पॅच घेताना ३०४ ग्रेड मागा, २०२ इथल्या पावसात लवकर तांबूस होतं. चुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण दोन्हींना चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

स्प्रिंग बदलताना जुन्या बॉडीवरचा मॉडेल क्रमांक आणि डब्याची मापं टिपून घ्या. तेच मॉडेल मिळालं तर डबा तसाच राहतो, फोडाफोड होत नाही. क्षमता दाराच्या वजनापेक्षा जास्तच हवी. वरच्या ६८ किलोच्या दाराला किमान १०० किलोची घ्या, आणि कंपनीने दिलेल्या कमाल रुंदीत दार बसतंय का तेही बघा. रुंद दाराचा जोर स्पिंडलवर जास्त येतो.

वेग जुळवणे

दार धाडकन आपटत असेल आणि तेल गळलेलं नसेल, तर व्हॉल्व्ह बघा. बॉडीच्या टोकाला सहसा दोन स्क्रू असतात. एक मोठ्या फेरीचा वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या १५-२० अंशांचा. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की दार हळू होतं. एका वेळी पाव फेराच फिरवा, दार तीनदा उघडून-मिटून बघा, मग पुढचा पाव. ९० अंशांवरून पूर्ण बंद व्हायला ५ ते ७ सेकंद लागावेत. स्क्रू पूर्ण बाहेर काढू नका, तेल उसळून बाहेर येतं आणि स्प्रिंग गेलीच म्हणून समजा. थंडीत तेल घट्ट होऊन दार हळू होतं. डिसेंबरात सैल केलेला व्हॉल्व्ह एप्रिलात पुन्हा जुळवावा लागतो, तो दोष नाही.

दार बंद होतं पण शेजारच्या काचेशी एका रेषेत थांबत नाही, थोडं आत किंवा बाहेर राहतं? हे खालच्या पॅचमधल्या दोन जुळवणीच्या स्क्रूंचं काम आहे. एक सैल करायचा, समोरचा तेवढाच आवळायचा.

पॅच सुटलं असेल तर

पॅच काचेला नुसत्या दाबाने धरतं, मधल्या गॅस्केटच्या जोरावर. तिथे तेल, साबण किंवा काच पुसायचा स्प्रे शिरला की पकड जाते, मग कितीही आवळा, काच घसरतेच. पल्ला उतरवून पॅच उघडा, जुनी गॅस्केट फेकून द्या, काच आणि पॅचच्या आतल्या बाजू स्पिरिटने स्वच्छ पुसून कोरड्या करा आणि नवी गॅस्केट घाला. बोल्ट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर काचेवर एका ठिकाणी ताण येतो. बोल्ट किंवा पॅचचा धातू काचेच्या खाचेच्या कडेला कुठेही टेकता कामा नये.

हँडलचंही तसंच. काचेच्या भोकात प्लास्टिकचा बुश आणि दोन्ही बाजूंना वॉशर असलेच पाहिजेत. हँडल बदलताना बुश हरवला म्हणून तसंच आवळून दिलेलं दार पुढे भोकापासून फुटतं.

टवका आणि ओरखडा

कडेवर नखाला लागेल असा टवका दिसला तर त्यावर इलाज नाही, पल्ला बदलावा लागतो. गाडीच्या समोरच्या काचेत रेझिन भरतात तसं इथे चालत नाही. ती काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली असते, तिची गोष्ट वेगळी. टफन केलेली काच कड घासून, कापून किंवा नवं भोक पाडून दुरुस्त होत नाही. तसा प्रयत्न केला की हातातच फुटते. नवा पल्ला येईपर्यंत दोन्ही बाजूंना रुंद पारदर्शक चिकटपट्टी किंवा सेफ्टी फिल्म लावा आणि दार उघडून पाचरीवर स्थिर ठेवा.

अमावस्येला आणि दसऱ्याला उंबऱ्यावर नारळ फोडतात, तो काचेपासून आणि स्टीलच्या पट्टीपासून दूर, पायरीच्या बाहेरच्या कडेला फोडा. करवंटीचा तुकडा खालच्या कोपऱ्याला लागला तर टवका उडायला तेवढं पुरतं.

सपाट बाजूवरचा पुसट ओरखडा, ज्यात नख अडकत नाही, तो सेरियम ऑक्साइडची (काच पॉलिश करायची पूड) पाण्यातली पातळ पेस्ट आणि फेल्ट पॅडने जातो. पॅड एका जागी थांबवू नका, काच तापते आणि तिथे भिंगासारखं दिसायला लागतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, १० मिनिटं ओलं ठेवून पुसले की निघतात. खाली शहाबादी किंवा संगमरवर असेल तर आधी प्लास्टिक अंथरा, आम्लाने त्या दगडाची चमक जाते.

नवा पल्ला मागवताना रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात कमी माप धरा आणि त्यातून फटी वजा करा. पॅचच्या खाचा आणि हँडलची भोकं पुठ्ठ्यावर आखून द्या, कारण टफन झाल्यावर एक मिमीही बदलता येत नाही. सगळ्या कडा पॉलिश केलेल्या हव्यात. कोपऱ्यावर टफनचा शिक्का आणि आयएस २५५३ चा (सुरक्षित काचेचं भारतीय मानक) उल्लेख आहे का ते उतरवून घेण्याआधी बघा.

पुराच्या भागातली दुकानं

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात पाणी किती चढलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सखल भागातलं दुकान असेल तर ३९ फुटांची बातमी आली की दाराचा विचार सुरू करा. वेळ आणि माणसं असतील तर पल्ला उतरवून वरच्या मजल्यावर न्या. नसतील तर दार ९० अंशांवर उघडून पक्कं बांधा आणि बाहेरचं शटर ओढून घ्या.

दाराच्या फटी प्लास्टिक आणि पुट्टीने बंद करून पाणी बाहेर थोपवायचा प्रयत्न करू नका. ३.५ फूट रुंद दारावर एकाच बाजूने ३ फूट पाणी उभं राहिलं तर त्याचा जोर साधारण साडेचारशे किलोंचा होतो, आणि तो सगळा मोजक्या छोट्या फिटिंगवर येतो. दोन्ही बाजूंना पाणी सारखं असेल तर दारावर जोर येत नाही.

पाणी ओसरल्यावर दार लगेच मिटून बघू नका. डब्यात बसलेला गाळ वाळला की सिमेंटसारखा होतो, म्हणून तो ओला असतानाच पट्टी उघडा, स्वच्छ पाण्याने धुऊन स्पंजने कोरडा करा. पॅचच्या फटींतला गाळ मऊ ब्रशने काढा. तो काचेखाली दबून राहिला तर त्यातली वाळू कड घासते. स्पिंडलभोवती तेलाचा तवंग आहे का, ते कागदावर बोट टेकवून बघा. डबा दोन-तीन दिवस उघडा वाळू द्या आणि तोवर दार पाचरीवरच राहू द्या.